कॅनडातल्या बाईंचं उत्तर

आप्पा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या डेपोतून रिटायर झाले त्याच आठवड्यात भिंगारहून माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत आले आणि काउंटरपाशी उभे राहून म्हणाले, "आता येळच येळ हाय. दे काय तरी वाचायला."

नगरच्या त्या कॉलेजात मी सहायक ग्रंथपाल होते. काउंटरच्या आतल्या बाजूला बसण्याचा मला फार अभिमान होता. आप्पा जामखेडकडचे, खर्ड्याजवळच्या एका कोरड्या गावातले. सातवीपर्यंत शिकले, डेपोत हमाल म्हणून लागले आणि स्टोअरकीपर होऊन बाहेर पडले. त्यांच्या मुलीच्या पदराला आता लायब्ररीतल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या होत्या. शिपाई, प्राध्यापक, मुलं सगळ्यांसमोर त्यांनी माझ्याकडे पुस्तक मागितलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

तसे ते मला सगळंच विचारायचे. आईच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं, पेन्शनचा कुठला कागद कुठे द्यायचा, घराला बाहेरून कुठला रंग बरा दिसेल. माझं लग्न होऊन मी सावेडीला राहायला गेले, तरी भिंगारच्या त्या दोन खोल्यांत मला विचारल्याशिवाय खिडकीचा पडदा बदलत नसे. आई कधी कधी चिडायची. "लेकीला ईचारून श्वास घ्या आता," म्हणायची. आप्पा हसायचे. मलाही ते आवडायचं.

तर मी त्यांना पुस्तकं द्यायला लागले. ठळक टायपातली, बारीक अंगाची. संतांच्या गोष्टी, शास्त्रज्ञांची ओळख, शंभर-सव्वाशे पानांच्या कौटुंबिक कादंबऱ्या. सातवी शिकलेल्या, साठीला टेकलेल्या माणसाला काय झेपेल, याचा मी माझ्या मते पुरता विचार केलेला होता. ते प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वेळेत परत आणायचे. मी विचारायची, "कसं वाटलं?" ते म्हणायचे, "बरं हाय." दोन वर्षं हे चाललं. 'बरं हाय' हे मला कौतुक वाटायचं.

शतक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नगरात इंटरनेट नुकतं येत होतं. दिल्ली गेटजवळ एका माडीवर माझ्या ओळखीच्या बाईंची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. त्यांनी टाइपरायटरच्या रांगा तशाच ठेवून कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर मांडले आणि 'येथे ई-मेल करून मिळेल' असा बोर्ड लावला. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं की जगभर पांगलेल्या मराठी माणसांचा ई-मेलवर एक गट आहे. कुणीही काही विचारावं, ज्याला माहीत असेल त्याने सांगावं. कुणी विचारतं डिंकाचे लाडू कसे करायचे, कुणी विचारतं हंपीला कुठे उतरायचं. आप्पांना ही गंमत दाखवावी असं माझ्याच मनात आलं. पुढे कितीतरी वेळा मी स्वतःला त्याबद्दल दोष दिला.

एका शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, मी त्यांना तिथे घेऊन गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "विचारा काही पण. सगळ्या जगात जाईल."

"कुनालाबी कळंल?"

"ज्यांना वाचायचं ते वाचतील."

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "लिव्ह. मी भिंगारला राहतो. नोकरी संपली. वाचायची आवड आहे. काय वाचावे?" लिहायचं म्हटलं की आप्पांची भाषा बदलायची, अर्जासारखी व्हायची. मी इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप केलं, तेव्हा तशीच पद्धत होती. शेवटी ते म्हणाले, "खाली फकस्त नाव टाक. आडनाव नको." मी नाव टाकलं आणि पाठवून दिलं.

पुढच्या शनिवारी सात उत्तरं आली होती. त्यातली सहा म्हणजे पुस्तकांच्या याद्या होत्या. सातवं उत्तर कॅनडात राहणाऱ्या एका बाईंचं होतं. त्यांनी एकही पुस्तक सुचवलं नव्हतं. लिहिलं होतं, "काका, आधी मला सांगा, अलीकडे तुम्ही कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत? आणि का?"

मी ते वाचून दाखवलं. आप्पा खुर्चीत मागे टेकले. पहिल्यांदाच टेकले. मग म्हणाले, "लिव्ह."

आणि ते जे बोलत सुटले ते मला थांबवता येईना. पुस्तकं सगळी पुरी करतो, पण पुरी करावी लागतात म्हणून करतो. पहिल्या दहा पानांतच पुढचं कळतं. चांगला माणूस चांगलाच राहतो आणि वाईट माणूस वाईटच. डेपोत चाळीस वर्षं माणसं बघितली, एकपण असा सरळ बघितला नाही. "माझी मुलगी लायब्ररीत आहे. ती पुस्तके आणते, परंतु ती फार सोपी असतात. तिला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही."

ते माझ्या शेजारी बसून, मला, हे सांगत होते. मी त्यांची टंकलेखक झाले होते आणि टंकलेखकाला कान असतात हे ते विसरले होते. की विसरले नव्हते, देव जाणे. मी शेवटची तीन वाक्यं टाइप केली नाहीत. 'सोपी पुस्तके आवडत नाहीत' एवढंच लिहिलं. पडद्यावरचं इंग्रजी अक्षर त्यांना जुळवत जुळवत वाचता यायचं, पण ते मजकूर तपासायचे नाहीत. माझ्यावर विश्वास होता.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "मला सांगायचं ना, सोपी वाटतात म्हणून."

"तू एवढ्या हौसेनं देतीस," ते म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

कॅनडाच्या बाईंनी पुढच्या वेळी एकच पुस्तक सुचवलं. तुरुंगात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कैद्याची, साडेसहाशे पानांची अनुवादित कादंबरी. ती आमच्या लायब्ररीत होती. सगळ्यात वरच्या फळीवर, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. मी स्वतः ती वाचली नव्हती. आप्पांना म्हटलं, "जड आहे. तुम्हाला झेपणार नाही."

"त्यांनी तर झेपंल म्हनलंय."

"त्या तुम्हाला ओळखत नाहीत आप्पा."

"म्हनूनच म्हनल्या आसतील," आप्पा म्हणाले. रागाने नाही, सहज.

त्यांनी ती अकरा दिवसांत वाचली. पानापानांत कागदाच्या चिठ्ठ्या घालून आणली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "शनवारी सांगतो." शनिवारी त्यांनी कॅनडाला सांगितलं. तासभर सांगितलं. तो कैदी सुटायच्या आदल्या दिवशी मुद्दाम एक घड्याळ बिघडवतो, ते बरोबर की चूक. डेपोत त्यांच्या हाताखाली एक माणूस होता, तो रिटायरमेंटच्या दिवशी कुलूप उघडं टाकून गेला होता, त्याची त्यांना कशी आठवण झाली. या माणसाबद्दल मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझी बोटं टाइप करत होती. माझ्याच वडिलांच्या मनातलं मला दुसऱ्या बाईला पाठवण्यासाठी लिहून घ्यावं लागत होतं.

त्या बाई नेमाने उत्तर द्यायच्या. इन्स्टिट्यूटमध्ये उत्तर छापून मिळायचं, पण ते इंग्रजी अक्षरांत. म्हणून मी ते घरी नेऊन एका वहीत देवनागरीत उतरवून काढायची आणि रविवारी भिंगारला नेऊन द्यायची. 'काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं.' 'काका, तुमचा मुद्दा मला सुचला नव्हता.' हे सगळं माझ्या हस्ताक्षरात. आप्पा ती वही उशाशी ठेवायचे. मी दिलेल्या पुस्तकांना त्यांनी वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती, या वहीला प्लास्टिकचं घातलं.

मी तिच्यात खोट शोधायची. 'ती'च म्हणायची मनात. तिचं शुद्धलेखन धड नाही, असं ठरवलं. पण इंग्रजी अक्षरांत कुणाचं धड असणार? रिकामटेकडी असेल, असं ठरवलं. मग एकदा तिने लिहिलं की ती दोन ठिकाणी नोकरी करते, तेव्हा तेही गेलं. माझ्या डोळ्यांसमोर तिचं एक चित्र होतं: चष्मा, कोट, मागे मोठं घर, पुस्तकांची भिंत. हे सगळं मीच तिला दिलं होतं आणि मीच त्यावर जळत होते.

आप्पांना विचारायची चटकच लागली. आईचा मिक्सर जळाला. मी एक साधा, देखणा मिक्सर बघून ठेवला होता. आप्पा म्हणाले, "थांब, ईचारू." दुबईहून एका गृहस्थांनी उलट विचारलं, घरात शेंगदाण्याची चटणी किती वेळा होते, पुरण मिक्सरवर करता का, भांडं धुणारं माणूस वयस्कर आहे का. मग म्हणाले, रंगरूप बघू नका, जड मोटरचा घ्या. तसा घेतला. तो सुरू झाला की शेजारच्या घरातल्या बाई डोकावायच्या, पिठाची गिरणी काढली का म्हणून. पण चटणी अशी व्हायची की आई बोट चाटून म्हणाली, "दुबईवाला शाना हाय." मी म्हटलं, "बघू किती दिवस टिकतो." मनापासून वाट बघत होते तो बिघडायची. तो दहा वर्षं चालला.

नवरात्राच्या आसपास आप्पा म्हणाले, "बोधगयेचं ईचारायचं."

हे मला अगदीच लागलं. बोधगयेला मी नेणार होते. नोकरी लागल्यापासून म्हणत होते की आप्पा-आईला बोधगया आणि सारनाथ मी दाखवीन, मे महिन्याच्या सुट्टीत. एका मे महिन्यात माझं बाळंतपण होतं, एका मे महिन्यात सासऱ्यांचं ऑपरेशन, एका मे महिन्यात लायब्ररीची मोजणी. खरं सांगायचं तर मी ते विसरून जायची आणि एप्रिल संपता संपता मला आठवायचं.

"मी नेणार आहे ना तुम्हाला," मी म्हटलं.

"नेशील की. मी नुसतं ईचारून ठेवतो."

आप्पांनी लिहायला सांगितलं. मी आणि माझी पत्नी, दोघांना बोधगयेला दर्शनाला जायचं आहे, कधी जावं, गाडी कुठली, उतरावं कुठे. मी टाइप केलं आणि पाठवलं.

सोमवारी मी एकटीच इन्स्टिट्यूटमध्ये गेले. कॉलेजच्या कामासाठी गेले असं स्वतःला सांगितलं. कॅनडाच्या बाईंचं उत्तर आलेलं होतं, दुसऱ्याच दिवशी. भलंमोठं. त्या कॉलेजात असताना तिथे गेल्या होत्या. मे महिन्यात चुकूनही जाऊ नका, त्या उन्हात काकूंचे हाल होतील. डिसेंबरात जा. मनमाडहून गाडी धरा, गयेला अंधारात उतरलात तर उजाडेपर्यंत स्टेशनातच थांबा. लोकरीची टोपी न्या, आपल्याकडच्या थंडीवर जाऊ नका. पहिल्या दिवशी गर्दीत दर्शन करून पळू नका, संध्याकाळी झाडापाशी परत जाऊन नुसतं बसा. आणि शेवटी, 'कुणी नेईल म्हणून थांबू नका, काका. तुम्ही दोघं जाऊ शकाल.'

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. ते तिने मलाच उद्देशून लिहिलंय असं मला वाटलं. तिला मी माहीतच नव्हते. काकांना नेईन म्हणणारी एक मुलगी आहे आणि ती नेत नाही, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण रागाला कारण लागत नाही. मी ते छापून घेतलं नाही. वहीत उतरवलं नाही.

शनिवारी आप्पांना सांगितलं, "बाईंचं काही आलं नाही." इतर दोघातिघांची एक-एक ओळीची उत्तरं होती, ती वाचून दाखवली.

"कामात आसतील," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी त्यांनी जिना उतरताना माझा हात धरला, एरवी धरत नसत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या तळाशी एक समाधानही होतं, ते मी लपवत नाही. त्या रविवारी त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं, कवा जावं?" मी म्हटलं, "बघू, मे महिन्यात." ते "बरं" म्हणाले. पुन्हा पूर्वीसारखं झालं, असं मला वाटलं.

तिसऱ्या शनिवारी ते खिशात एक घडी घातलेला कागद घेऊन आले. "मीच लिवून आनलंय," म्हणाले. "हे तेवढं त्यांना पाठव. मग बंद करू आपन हे."

मी कागद उघडला. आप्पांचं स्टोअरच्या रजिस्टरमधलं, वळणदार अक्षर. 'बाईंना नमस्कार. तीन आठवडे आपले पत्र नाही. आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे. आमच्याकडून काही कमी-जास्त लिहिले गेले असल्यास माफी असावी. यापुढे आपणास तसदी देणार नाही.'

"कमी-जास्त काय लिहिलंय आपण?" मी विचारलं.

"बोधगयेचं लिवलं ना."

"मग?"

"त्यावरनं त्यांना कळलं आसंल."

"काय कळलं असेल?"

लहानपणी मी काही अगदी साधं विचारलं की ते जसे माझ्याकडे बघायचे तसे त्यांनी बघितलं. "आपन कोन ते," ते म्हणाले.

आजूबाजूला टाइपरायटर खडखडत होते. एक ओळ संपल्याची घंटी वाजायची, दुसरी सुरू व्हायची. खाली आडनाव का नको होतं ते मला तेव्हा समजलं. समजायला इतका वेळ लागावा, याची लाज कुठे ठेवू असं झालं. छपन्न सालापासून आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती. मी त्या तसबिरीखाली अभ्यास करून मोठी झाले, काउंटरच्या आत जाऊन बसले आणि मानून चालले की ते सगळं आता मागे पडलं. आप्पांनी मात्र दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालताना ते मनात धरलं होतं. वर्षभर कुणीतरी त्यांच्याशी नुसतं पुस्तकांवर बोललं होतं, आणि मग, त्यांच्या समजुतीप्रमाणे, नेहमीचंच झालं होतं.

मी म्हटलं, "आप्पा, उत्तर आलंय."

"कवा?"

"तुम्ही विचारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी ते पडद्यावर उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ते पुढे वाकले. बोट लावून अक्षरं जुळवायला लागले. के, ए, के, ए. काका. मग तारखेपाशी बोट थांबलं. 

"तू न्हाई म्हनलीस."

"हो."

"का गं?"

मनात होतं ते सांगितलं. "तुम्ही तिला विचारता ते मला आवडत नाही. मला विचारायचात तुम्ही. आता सगळं तिला."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना राग आला तर तो मी ओळखत होते, हा राग नव्हता. "तुला वाईट वाटलं तर मला शिव्या द्यायच्या," ते म्हणाले. "मी तीन आठवडं त्या बाईला मनात नको नको ते बोललो. भांडलो तिच्याशी. आंघोळ करताना भांडलो, जेवताना भांडलो. तिनं काय केलं हुतं? लोकरीची टोपी न्या म्हनून सांगितलं हुतं."

मी रडायला लागले. समोरच्या रांगेतल्या मुली वळून बघत होत्या.

"डेपोत कुनी आसा कागद दाबला आस्ता," आप्पा म्हणाले, "तर मी वर रिपोर्ट केला आस्ता." आणि माझ्या हातातला कागद घेऊन फाडून टाकला. "लिव्ह आता. मी सांगतो ते, तसंच्या तसं."

मी डोळे पुसून कीबोर्डवर हात ठेवले. 'आपले पत्र वेळेवर आले होते. माझ्या मुलीने ते मला दाखवले नाही. त्यामुळे आपल्याबद्दल माझ्या मनात खोटा संशय आला. कसला, ते लिहीत नाही. आपण समजून घ्यावे. माझी चूक झाली.' मी सगळं टाइप केलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. ते म्हणाले, "मुलगी मनाने वाईट नाही, असं लिव्हावं का?" मी पडद्याकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "त्यांना काय करायचंय त्याचं."

मग म्हणाले, "खाली पुरं नाव टाक. आडनावासकट."

तो आठवडा मी कसा काढला ते मला ठाऊक. एका परक्या बाईने मला खरमरीत सुनावावं याची मी वाट बघत होते. वाक्यंसुद्धा मीच तयार केली होती तिच्यासाठी. तिचं उत्तर आलं, आप्पा शेजारी बसलेले असताना आलं, आणि मी मोठ्याने वाचलं. 'काका, कळलं. पूर्ण नावाने लिहिलंत, बरं वाटलं. उशीर झालेला नाही, थंडी अजून पडायची आहे. मनमाडहून गयेचं तिकीट आताच काढा.' पुढे गाडीची माहिती, धर्मशाळेची माहिती. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. रागही नाही, समजूतही नाही. मी तिच्या लेखी नव्हतेच. त्यावरही मला जळफळायला झालं, हे आज लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

डिसेंबरात आप्पा आणि आई बोधगयेला गेले. आप्पांनी मला "येतीस का?" म्हणून विचारलं होतं, पण कॉलेजच्या परीक्षा होत्या आणि या वेळी ते माझ्यासाठी थांबले नाहीत. मी त्यांना मनमाडपर्यंत सोडायला गेले. आईने लोकरीची टोपी गाडीत बसायच्या आधीच घातली होती. गाडी हलली तेव्हा दोघंही खिडकीतून हात करत होते, आणि आप्पांच्या मांडीवर ती प्लास्टिकच्या कव्हरची वही होती.

परत आल्यावर आई दिवसभर सांगत राहिली: थंडी, भात, परदेशी भिक्खू, संध्याकाळी झाडाखाली आप्पा दोन तास हलले नाहीत ते. आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटलं, शनिवारी लिहायला सांगतील तेव्हा कळेल.

शनिवारी मी इन्स्टिट्यूटमध्ये पोचले तर ते आधीच येऊन बसलेले. कॉम्प्युटरपाशी नाही, टाइपरायटरच्या रांगेत, दोन वेण्या घातलेल्या मुलींच्या मधे. त्यांनी क्लास लावला होता. एकसष्टाव्या वर्षी. ए, एस, डी, एफ. करंगळी उचलली जात नव्हती, ती दुसऱ्या हाताने उचलून ठेवत होते.

"मी टाइप करून देते ना," मी म्हटलं.

"किती दिस तुला तरास द्यायचा," ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. आप्पांना टोमणा मारता यायचा नाही. पण मला जे ऐकू आलं ते आलंच.

तीन महिन्यांनी ते स्वतःचं स्वतः लिहायला लागले. बोधगयेबद्दल त्यांनी काय लिहिलं, मला माहीत नाही. मी दाराजवळच्या बाकावर बसून असायची आणि त्यांची पाठ बघायची. कधी टाइप करता करता थांबायचे, हसायचे, पुन्हा सुरू करायचे. वहीत उतरवायची गरजही उरली नाही, इंग्रजी अक्षरातलं मराठी त्यांना सरसर वाचता यायला लागलं. दर शनिवारी मी जातच राहिले, का ते मला सांगता येत नाही. परतीच्या रिक्षात ते कधी आपणहून सांगायचे, कधी नाही. मी विचारायचं सोडून दिलं होतं. लायब्ररीतून मी अजूनही पुस्तकं द्यायची, आता वरच्या फळीवरची. 'बरं हाय' बंद झालं. एकदा तर म्हणाले, "हे कुनी छापलं गं? झाडं वाया घालवली."

पुढच्या पावसाळ्यात त्या गटावर कुणीतरी विचारलं की घरातल्या पुस्तकांना वाळवी लागलीय, काय करावं. चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस तो, त्यांना राहवलं नाही. लिहायला बसले. मग मधेच वळून त्यांनी मला हाक मारली. "ए, तुज्या लायब्रीत काय करत्यात वाळवीला?"

मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, त्याचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवायचे, खालची फळी रिकामी सोडायची, असं सांगितलं. ते मी सांगेन तसं टाइप करत होते. 'माझी मुलगी ग्रंथपाल आहे. ती म्हणते की.'

पुढच्या शनिवारी त्या माणसाचं उत्तर आलं होतं. उपाय लागू पडला होता. त्याने आभार मानले होते, 'काका, तुमचे फार फार आभार.' मी दोनदा वाचलं. मुलीचा उल्लेख कुठे नव्हता.

"बगितलंस?" आप्पा खूश होऊन म्हणाले. "गुन आला."

मी म्हटलं, "बघितलं."